मामराशेनची हरकत

वार्सेनिकला अख्खं मामराशेन ‘डॉक्टर’ म्हणायचं, निम्मं मानाने आणि निम्मं चेष्टेने. खरं तर तिच्याकडे पशुवैद्यकाच्या मदतनिसाचा दोन वर्षांचा दाखला होता, तोही सोव्हिएत काळातला. पण गावातला खरा डॉक्टर त्र्याण्णवच्या हिवाळ्यात रशियात क्रास्नोदारला निघून गेला तो गेलाच. त्यानंतर लोरी प्रांतातल्या त्या दरीत अडलेली गाय सोडवायला, मेंढ्यांचे खूर कापायला, लाळ्या-खुरकुताची लस टोचायला तीच एक उरली. बुटकी, रुंद खांद्यांची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर कातडी पिशवी. तीस वर्षांत गावातल्या एकूण एक गोठ्याचा उंबरा तिने ओलांडला होता. कुणाचं छप्पर गळतं, कुणाकडे नवरा-बायकोचा अबोला आहे, कुणाचा मुलगा मॉस्कोहून फोन करायचा थांबलाय, हे तिला न विचारता कळायचं. एका गोठ्यातलं ती दुसऱ्या गोठ्यात नेत नसे. म्हणून दारं तिला कधी बंद झाली नाहीत.

तरुणपणी ती निराळी होती. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, पंचविसाव्या वर्षी, काराबाखचा डोंगरी मुलूख आपल्या देशाला जोडावा म्हणून राजधानी येरेवानच्या चौकात माणसं जमताहेत हे ऐकून ती दुधाच्या ट्रकमध्ये कॅनांच्या फटीत बसून तिकडे गेली. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाने बजावलं होतं की जो जाईल त्याचं नाव वर कळवलं जाईल. तिने जाताना त्याच्या खिडकीखालून हात हलवला. चौकातल्या भाषणांतलं तिला पुढे अक्षरही आठवत नव्हतं. आठवत होती ती एक अनोळखी बाई. त्या बाईने हिचे निळे पडलेले ओठ बघितले, स्वतःच्या घराची किल्ली हिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “समोरची इमारत, तिसरा मजला. पाव टेबलावर आहे, पलंग आत. मी इथेच उभी आहे.” नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वार्सेनिक पुढे कितीदा तरी सांगायची की देश म्हणजे काय हे तिला त्या किल्लीने शिकवलं.

त्याच वर्षी डिसेंबरात भूकंप झाला. स्पिताकला कामाला गेलेले तिचे वडील परत आले नाहीत. पण एक्याण्णवच्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याचा कौल घेतला गेला त्या दिवशी, मतपेटी घोड्यावर बांधून वरच्या कुरणातल्या मेंढपाळांपर्यंत पोहोचवायचं काम तिने मागून घेतलं. चौदा मेंढपाळ होते, चौदा मतं पडली. एका म्हाताऱ्याने चिठ्ठी टाकायच्या आधी टोपी काढली होती.

मग वीज गेली, गॅस गेला. लोकांनी शेगडीत आधी कुंपणं घातली, मग जंगल, मग पुस्तकं. निम्मं गाव रशियाला गेलं. तिचा नवरा गार्निकही दर वसंतात तिकडे इमारतींच्या कामावर जायचा आणि बर्फ पडायच्या सुमाराला परतायचा. एका वर्षी तो नाही आला, त्याचं हृदय तिकडेच बंद पडलं. त्याच्या कितीतरी आधी, एका निवडणुकीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या दारात पिठाचं पोतं येऊन पडलं होतं. तोंड बांधलेल्या दोरीला उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी. घरातलं पीठ संपत आलेलं. वार्सेनिकने पोतं आत ओढलं आणि दुसऱ्या दिवशी मत द्यायला गेली नाही. आपण त्यातल्या त्यात प्रामाणिक वागलो असं तिने मनाला समजावलं. पण पाऊल अडलं ते अडलंच. पुढच्या निवडणुकीलाही ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मधे एकदाच ती उठली. दोन हजार अठराच्या वसंतात अख्खा देश सरकार उलथवायला रस्त्यावर उतरला तेव्हा मामराशेनच्या बायकांनी महामार्ग अडवायचं ठरवलं. अडवायला माणसं पुरेनात. तेव्हा वार्सेनिकने अडतीस गाई आणून डांबरावर उभ्या केल्या आणि पोलिसांना सांगितलं की यांना लस टोचलीय, आता तासभर हलवता येणार नाही. त्या दिवशी ती पंचविशीतल्यासारखी हसली.

दोन वर्षांनी काराबाखवरून युद्ध झालं. चव्वेचाळीस दिवस चाललं. गावातून अकरा पोरं गेली, नऊ आली. न आलेल्या दोघांतला एक होविक, रझ्मिकचा मुलगा.

रझ्मिक गावचा पाटकरी. नदीचं पाणी कुठल्या बागेत किती वेळ सोडायचं हे वीस वर्षं त्याच्या हातात होतं. त्याचा धाकटा भाऊ सेरोब खालच्या खोऱ्यातल्या एका जुन्या वीजकेंद्रावर फिटर होता. दोघांची घरं पाठीला पाठ लावून उभी. युद्धानंतर देशाचे दोन तट पडले तसे गावाचेही पडले. एक अठरात पडलेल्या ‘आधीच्यां’चा, एक त्यांच्या जागी आलेल्या ‘आत्ताच्यां’चा. सेरोबने एकवीसच्या निवडणुकीत आत्ताच्यांना मत दिलं. होविकच्या पहिल्या स्मृतिदिनाला कबरीपाशी सगळे उभे असताना रझ्मिक भावाला म्हणाला, “ज्या हाताने मत दिलंस तो हात माझ्या पोराच्या दगडाला लावू नकोस.” सेरोबने हात मागे घेतला आणि टेकडी उतरला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वरची आळी रझ्मिकच्या बाजूची, खालची सेरोबच्या. सुरुवातीला नुसतं भांडण होतं, मग तेही थकलं. भांडायलाही काहीतरी बदलेल अशी आशा लागते. कुणी काही विचारलं की दोन्ही आळ्यांत एकच उत्तर मिळायचं: “आपल्याला विचारतंय कोण?”

वार्सेनिकही तेच म्हणायची. मतदानाच्या त्या दिवशी तिने बटाटे खुरपले होते.

तेवीसच्या एप्रिलमध्ये ती वरच्या कुरणातून उतरत असताना मामरा नदीच्या काठी तिला लाल रंग फासलेल्या खुंट्या दिसल्या, दर वीस पावलांवर एक. मोजणीदार तरुण होता, सभ्य होता. त्याने सांगितलं की एका कंपनीचं लहान वीजकेंद्र होणार आहे, नदी इथून पाइपात घालून साडेचार किलोमीटर खाली न्यायची आहे. ती म्हणाली, आणि मधल्या बागा? तो म्हणाला, “मावशी, गावाने तर फेब्रुवारीतच होकार दिलाय.”

ती तशीच, चिखलाच्या बुटांनी, आरामाइसच्या कचेरीत गेली. आरामाइस गावचा कारभारी. पंचेचाळिशीचा, दुकान चालवायचा, कुणाचं वाईट करायचा नाही आणि कुणासाठी वाकडी वाटही करायचा नाही. त्याने दांड्याच्या भांड्यात कॉफी चढवली आणि फाइल तिच्यापुढे सरकवली. फेब्रुवारीतल्या जाहीर सुनावणीचा वृत्तान्त. हजर अकरा. खाली, ‘दूरध्वनीवरून विचारणा केलेले रहिवासी’ म्हणून लांबलचक यादी. अठराव्या ओळीत तिचं नाव, त्याच्यापुढे दोन शब्द: हरकत नाही.

“हे मी कधी म्हटलं?”

“डॉक्टर जान, आठव जरा. बर्फ पडत होता. तू आन्द्रानिककडे होतीस, त्याची तांबडी गाय अडली होती. मी फोन केला. म्हटलं सुनावणी आहे, येतेस का. तू म्हणालीस, ‘मला काय विचारतोस, लिही काय लिहायचं ते.’ मी लिहिलं.”

तिला आठवलं. तिचा एक हात गाईत होता, फोन आन्द्रानिकच्या बायकोने कानाला लावून धरला होता, आणि हो, हेच शब्द होते. तिने यादीवरून बोट फिरवलं. सत्त्याऐंशी नावं.

“आणि यांनी?”

“कुणी म्हणालं, तुझ्या मनाला येईल ते कर. कुणी म्हणालं, जेवतोय, मग कर. रझ्मिकने फोन ठेवून दिला. त्यालाही ‘हरकत नाही’च म्हणतात की. मी कुणाची खोटी सही केली नाही, वार्सेनिक. तुम्हीच सगळ्यांनी मला दिली.”

ती कॉफी तशीच ठेवून उठली. रागवायला समोर माणूस हवा होता आणि तो नव्हता. घरी जाताना तिला शरमेने घाम फुटला. कंपनीने गावाला फसवलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. तिला कुणी पिठाचं पोतंसुद्धा दिलं नव्हतं, फुकटात दिली होती तिने नदी.

दुसऱ्या दिवशी ती बसने वानाद्झोरला गेली. प्रांताच्या कचेरीतल्या एका बाईने तिला दोनदा दुसऱ्या खिडकीवर पाठवलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच उठून सांगितलं की गावात राहणाऱ्या निदान दोनशे प्रौढांच्या सह्या मेच्या दहा तारखेच्या आत आल्या तर सुनावणी पुन्हा घेता येईल. हातात तीन आठवडे होते. वसंतातलं लसीकरण सुरू होणारच होतं. वार्सेनिकने ठरवलं की गोठा काही चुकवायचा नाही, लस टोचायची आणि कागद पुढे करायचा.

पहिल्या चार दिवसांत एकोणीस सह्या झाल्या. लोक तिला नाही म्हणत नव्हते, तिच्या हातात चीज आणि लवाशच्या पातळ रोटीची गुंडाळी ठेवत होते, फक्त सही करत नव्हते. जो तो कागद आधी वरून खाली वाचायचा, कुणाकुणाची नावं आहेत ते बघायला. खालच्या आळीत म्हणाले, हा आधीच्यांचा डाव आहे, सरकारची बदनामी करायला. वरच्या आळीत म्हणाले, हा आत्ताच्यांचा डाव आहे, कोण विरोधात आहे त्याची यादी करायला. आन्द्रानिक, ज्याच्या गाईसाठी तिने फेब्रुवारीत कोपरापर्यंत हात घातला होता, तो म्हणाला, “डॉक्टर, तू सांगशील तर मी कड्यावरून उडी मारेन. पण त्या खालच्यांच्या नावाखाली माझं नाव नको.”

रझ्मिकच्या गोठ्यात ती पाचव्या दिवशी गेली. त्याने गाय धरली, तिने सुई टोचली. मग तिने कागद काढला. त्याने बघितलासुद्धा नाही.

“या देशाच्या कागदावर माझी शेवटची सही होविकला ओळखल्याची आहे,” तो म्हणाला. “त्याच्यापुढे दुसरी करणार नाही. मुलगा नेला, आता नदी न्यायचीय तर नेऊ दे.”

तिने पिशवी आवरली. दारात थांबून तिने त्याला स्वतःचं सांगितलं: तो फोन, ते शब्द, अठरावी ओळ. कुणाला तरी सांगायचंच होतं. रझ्मिक गाईच्या मानेवर हात ठेवून ऐकत राहिला.

त्या संध्याकाळी ती शाळेत क्नारिककडे गेली. क्नारिक भाषेची शिक्षिका, गावातल्या तीन पिढ्यांना तिने अक्षरं गिरवायला लावली होती. वार्सेनिकने तिच्यापुढे रडगाणं गायलं. म्हणाली की लोकांना नदी दिसत नाही, आपल्या नावाच्या वर कुणाचं नाव आहे ते दिसतं. क्नारिकने चष्मा काढून पुसला, कपाट उघडलं आणि एक जुनी जाड वही काढली, कडेला पायऱ्यांसारखी कापलेली, एकेका पायरीवर एकेक मुळाक्षर. पूर्वी माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवायला आणली होती, कोरीच राहिली होती.

“प्रत्येकाला त्याच्या अक्षराच्या पानावर सही करू दे,” ती म्हणाली. “वर कोण, खाली कोण, हे आपल्या बापजाद्यांनी सोळाशे वर्षांपूर्वी मुळाक्षरं लावतानाच ठरवून ठेवलंय. त्याच्यावर तरी आळीतलं कुणी वाद घालणार नाही.”

“आणि घातला तर?”

“तर माझ्याकडे पाठव. पुन्हा पहिलीपासून शिकवते.”

प्रांताच्या कचेरीतल्या बाईने फोनवर सांगितलं की सह्या कशावर आहेत याच्याशी तिला कर्तव्य नाही, ओळखपत्राचा क्रमांक हवा. वार्सेनिकने त्या एकोणिसांना आधी गाठलं. मग वही घेऊन पुन्हा पहिल्या गोठ्यापासून निघाली.

आता गंमत झाली. माणसं आपलं अक्षर शोधायला लागली. म्हातारी माणसं बोटाने पायऱ्या चाचपत आपल्या पानापर्यंत पोहोचायची आणि शाळेतल्या बाकावर बसल्यासारखी जीभ दातांत धरून नाव लिहायची. पहिल्या अक्षराचं पान दोन दिवसांत भरलं, कारण निम्मं गाव आशोत, आरुस, आन्द्रानिक. त्याच पानावर वरच्या आळीतल्या आन्द्रानिकच्या खाली खालच्या आळीतली आरुस आली आणि दोघांपैकी कुणी तक्रार केली नाही. ज्यांच्या अक्षरावर एकही नाव नव्हतं ते अस्वस्थ होऊन विचारायचे, आमच्या अक्षराचं कुणी नाहीच का अजून? आणि जाऊन कुणाला तरी घेऊन यायचे. वार्सेनिक त्यांना एकच वाक्य सांगायची, “मी फेब्रुवारीत हरकत नाही म्हणाले होते, ती माझी चूक. तुझी तू बघ.” लोक हसायचे, मग म्हणायचे, मीही तेच म्हणालो होतो.

सेरोबने सही केली. तो हाडाचा फिटर, त्याला पाइपाचं गणित ठाऊक होतं. सही करून त्याने सहज म्हणून समोरचं पान पाहिलं. रझ्मिकचं अक्षर सेरोबच्या अगदी आधीचं, दोन पानं समोरासमोर. त्या पानावर तीन नावं होती, भावाचं नव्हतं.

“त्याने नाही केली?”

“नाही.”

“त्याची बाग सगळ्यांत आधी सुकेल.” त्याने वही मिटली. “त्याला सांग...” म्हणाला, आणि मग म्हणाला, “जाऊ दे. काही सांगू नको.”

वार्सेनिकने काही सांगितलं नाही. आठ तारखेला तिने वही रझ्मिकच्या अंगणातल्या टेबलावर नुसती ठेवली आणि त्याच्या बायकोशी दह्याबद्दल बोलत बसली. रझ्मिकने आपलं अक्षर उघडलं. समोरच्या पानावर नजर गेली.

“अजून पहिलं अक्षर तिरकंच काढतो,” तो म्हणाला. “लहानपणी मीच शिकवलं होतं त्याला. छडी खाल्ली, पण सरळ म्हणून काढलं नाही.”

त्याने बायकोकडे पेन मागितलं.

दोनशे एकतीस सह्या झाल्या. वार्सेनिकने स्वतःची सर्वांत शेवटी केली. त्यांच्या वर्णमालेत तिचं अक्षर सेरोबच्या लगेच पुढचं निघालं.

सुनावणी सव्वीस मेला संस्कृती भवनात ठेवली होती. तिथे इतकी वर्षं गवताचे गठ्ठे ठेवलेले. आदल्या दिवशी बायकांनी झाडून काढलं, पुरुषांनी घरचे बाक आणून टाकले. कंपनीचा अभियंता वीस माहितीपत्रकं घेऊन आला होता. अकरा वाजेपर्यंत सभागृहात अडीचशेच्या वर माणसं होती. उरलेली खिडक्यांत बसली. दोन आळ्या दोन बाजूंना, मधे रिकामी वाट. हे काही बदललं नव्हतं.

अभियंत्याने पडद्यावर आलेख दाखवले आणि म्हणाला की नदीत बारमाही पुरेसं पाणी आहे, बागांचा वाटा राखला जाईल, आणि तसंही फेब्रुवारीत गावाने हरकत घेतलेली नाही. वार्सेनिक उठली. तिने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. तिचा आवाज गोठ्यातला होता, गाईला सांगावं तसा हळू आणि ठाम.

“साहेब, फेब्रुवारीत मी हरकत नाही म्हणाले. मला वाटलं, मला विचारून न विचारून सारखंच. या सगळ्यांना तसंच वाटलं. तुम्ही आम्हाला फसवलं नाही, आम्हीच घरी नव्हतो. आज आलोय. आता पुन्हा विचारा.”

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. पण मागून बाक सरकल्याचा आवाज आला आणि रझ्मिक उभा राहिला. हातात त्याची पाटकऱ्याची वही होती, वीस वर्षांची. त्याने ऑगस्टमधलं पाणी वाचून दाखवलं, वर्षागणिक. वरच्या बंधाऱ्यावर किती, गावाच्या पुलाखाली किती, कुठल्या वर्षी पूल कोरडा पडला. अभियंत्याचा आलेख वर्षाच्या सरासरीचा होता, एप्रिलच्या पुरासकट. रझ्मिक म्हणाला की सरासरी पाण्यावर जर्दाळू पिकत नाही, ऑगस्टच्या पाण्यावर पिकतो. मग तो अडखळला. पाइप नक्की किती पाणी ओढेल, हे त्याला माहीत नव्हतं. अभियंता म्हणाला, तो तांत्रिक भाग आहे, तो आपण—

“सेकंदाला सहाशे लिटर,” सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून सेरोब म्हणाला. तो भावाकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. “एवढ्या व्यासाचा पाइप, एवढा उतार. याच्या खाली टर्बाइन फिरतच नाही. मी अठरा वर्षं फिरवलंय.”

रझ्मिकने वहीत बोट ठेवलं. “ऑगस्टमध्ये अख्ख्या नदीत पाचशे वीस.”

“म्हणजे एक तर टर्बाइन बंद,” सेरोब म्हणाला.

“नाहीतर नदी,” रझ्मिक म्हणाला.

दीड वर्षात दोघं एकमेकांशी बोलले ते हे. एका वाक्याचा निम्मा भाग एकाचा, निम्मा दुसऱ्याचा. प्रांतातून आलेल्या अधिकाऱ्याने दोघांना आकडे पुन्हा सांगायला लावले आणि लिहून घेतले. मग त्याने विचारलं, कुणाची हरकत आहे? हात वर गेले. वार्सेनिकने डोळ्यांनी एक टोक ते दुसरं टोक पाहिलं. हातात आळी दिसत नव्हती. खिडकीत बसलेल्यांनीही हात वर केले होते, आणि आरामाइसने, कचेरीचा माणूस म्हणून भिंतीशी उभ्या असलेल्या आरामाइसनेही, इकडे तिकडे बघून खांद्यापर्यंत हात उचलला. अधिकाऱ्याने मोजायला सुरुवात केली, मधे चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कुणी हात खाली घेतला नाही. दोनशे ऐंशीच्या आसपास झाल्यावर त्याने लिहिलं: उपस्थित सर्वांची हरकत.

वार्सेनिकला त्या क्षणी अठ्ठ्याऐंशीचा चौक वगैरे काही आठवलं नाही. तिला एवढंच वाटलं की ही माणसं माझी आहेत, आणि छाती इतकी भरून आली की बसताना बाक चुकला.

बाहेर आल्यावर भावांनी मिठी मारली असं पुढे कुणी कुणी सांगतं, ते खरं नाही. रझ्मिक वरच्या वाटेने गेला, सेरोब खालच्या. पण जुलैत, होविकच्या वाढदिवसाला, सेरोब टेकडीवर गेला तेव्हा रझ्मिक आधीपासून तिथे होता आणि त्याने बाकावर थोडं सरकून जागा केली. राजकारणावर ते आजही एकमेकांचा गळा धरायला उठतात. फक्त आता समोरासमोर बसून.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं की नदीत उन्हाळ्यात पुरेसं पाणी नसल्याने परवानगी देता येत नाही. आरामाइसने ते दुकानाच्या दारावर चिकटवलं. लोक यायचे, वाचायचे, पुन्हा वाचायचे. सेरोब आणि आन्द्रानिकने जाऊन लाल खुंट्या उपटल्या.

त्याच महिन्याच्या अखेरीस काराबाख पुरतं हातचं गेलं आणि रिकामं झालं. गाड्यांच्या रांगा दिवसच्या दिवस डोंगरातून येत राहिल्या. मामराशेनला कुणी काही विचारलं नव्हतं, कुठला फोन आला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वार्सेनिक गोठ्यांवर निघाली तर संस्कृती भवनाचं दार उघडं, आणि आत माणसं आधीच जमलेली. कुणाकडे रिकामी खोली आहे, कुणाकडे जास्तीचा पलंग, कुणाकडे लाकूड. क्नारिक फळ्यावर लिहीत होती. रझ्मिक म्हणाला की होविकची खोली आहे, चुना लावलाय. एवढं बोलून तो शेगडीचा नळा आणायला निघून गेला.

सहा कुटुंबं आली. त्यातली एक म्हातारी, शाहानदुख्त, काराबाखमधल्या मार्ताकेर्तकडची, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती तिच्या तीन गाई दावणीतून मोकळ्या सोडून आली होती, दार उघडं टाकून, एवढंच सारखं सांगायची. वार्सेनिकने तिला काही समजावलं नाही. तिला हाताला धरून आन्द्रानिकच्या गोठ्यात नेलं आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईपुढे उभं केलं. म्हातारीने कासेला हात लावला, आन्द्रानिककडे वळली आणि म्हणाली, “हिला असं कोण बांधतं? मान बघ तिची.” आणि बाही वर सरकवून धार काढायला बसली. आन्द्रानिक आजतागायत तिच्याकडून बोलणी खातो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावाची सभा भरते. कुणी ठरवलं नाही, भरायला लागली. गेल्या हिवाळ्यातल्या एका सभेत वार्सेनिकचा फोन वाजला. रशियातल्या रोस्तोवहून तिची मुलगी नाझेली होती. शाळेची बस वरच्या आळीतून आधी निघावी की खालच्या, यावर वाद पेटला होता. सेरोब टेबलावर हात आपटत होता, रझ्मिक त्याला गाढव म्हणत होता, शाहानदुख्त दोघांनाही गप्प बसा म्हणून ओरडत होती, आरामाइस कपाळ धरून बसला होता. वार्सेनिक फोन घेऊन खिडकीशी गेली.

“आई, हा कसला आवाज? भांडणं चाललीत का गावात?”

“नाही गं,” वार्सेनिक म्हणाली. “सभा चाललीय.”

“मग तू मधे पडू नकोस, घरी जा. थंडी आहे.”

वार्सेनिक म्हणाली की नंतर करते फोन, आपली बोलायची पाळी आता येणार आहे. मग तिने फोन पिशवीत टाकला, रुमाल सारखा केला आणि बोलायची परवानगी मागायला हात वर केला. बस दोन्ही आळ्यांच्या मधल्या पुलापासून निघावी असं तिचं म्हणणं होतं.